तिसरा पंखा

२१ एप्रिल, रविवार. देवास

ही वही म्हणजे मधुवंतीने दिलेली शिक्षा आहे. ती म्हणते, "कुशल, तुझं मराठी म्हणजे हिंदीला धोतर नेसवल्यासारखं वाटतं. रोज एक पान लिही." रोज जमणार नाही. हिंदी मीडियमवाल्याला मराठीचं एक पान म्हणजे भर दुपारी ए.बी. रोडच्या हायवेवरून पायी. आधीच्या तीन वह्या फाडल्या, कारण त्यांत सगळीकडे तिचंच नाव निघालं. ही चौथी. हिच्यात कामाचं लिहायचं असं ठरवलंय.

तर काम. मधुवंती धारला तिच्या सुमंगला आत्यांकडे राहते. आई-वडील खातेगांवला शाळेत शिकवतात. ती ट्यूशन घेते, पण तिला खरं करायचंय ते पुस्तकं वाचून रेकॉर्ड करण्याचं काम. पुण्याच्या एका कंपनीने तिला लहान मुलांच्या पुस्तकाची तीस पानं नमुना म्हणून वाचायला दिली होती. पास झाली तर वर्षभर बारा पुस्तकं. काल उत्तर आलं. आवाज उत्तम, उच्चार उत्तम, पण मागे मशीनची घरघर आहे, पुन्हा पाठवा. २० मेपर्यंत. यानंतर संधी नाही. तिचे बाबा म्हणतात, मग बी.एड. कर आणि खातेगांवला ये, हे आवाज-बिवाज पुरे झालं.

घरघर कसली ते मला माहीत आहे. रेकॉर्डिंग करताना छताचा पंखा बंद, खिडकी बंद. खोलीत चाळीस डिग्री. तिचा कॉम्प्युटर जुना, कॅबिनेटमध्ये एकच पंखा, तोही बुढ्ढा. मशीन तापलं की तो ओरडतो, आणि तरी भागलं नाही तर मशीन मध्येच बंद पडतं.

मी फोनवरच म्हटलं, "पंखे मी बघतो. एक जरी आवाज आला तर नाव बदलीन."

"काय ठेवशील?"

"तू सांगशील ते."

मग जरा वेळ काहीच ऐकू आलं नाही. धारचं नेटवर्क. मग म्हणाली, "तीन हजार आहेत. ट्यूशनचे आहेत, उडवू नकोस."

तीन हजारात मी तिची खोली हिमालय करीन.

२३ एप्रिल, मंगळवार. देवास

बस स्टँडजवळ अमनचं दुकान आहे. मी तिथेच रिपेअरिंगला बसतो. कॉलेज सोडून चौदा महिने झाले. पाचव्या सेमिस्टरला लॅबच्या सरांनी माझा प्रोजेक्ट दुसऱ्याच्या नावावर दाखवला, मी टेबल उलटवलं. माफी लिहून दे म्हणाले. नाही दिली. लोकांना अजून वाटतं, पस्तावलो असेन. पस्तावा नाही. टेबल जरा हळू उलटवायला हवं होतं एवढंच, त्यावर माझाही मीटर होता.

आज पाच पंख्यांचा सेट घेतला. सगळ्यांत रंगीत दिवे, एकाच रिमोटवर. डब्यावर लिहिलंय तेवीस डेसिबल, म्हणजे पानं हलतात तेवढा आवाज. अमन म्हणाला, "भिया, डब्बे पे तो मैं भी हीरो लिख दूँ. पहले चला के देख ले."

म्हटलं, पाच पंखे म्हणजे पाचपट हवा. साधा हिशोब आहे.

"और पाँच गुना आवाज?"

त्याला काय कळतं. तो मोबाइलचे कव्हर विकणारा माणूस.

२८ एप्रिल, रविवार. धारहून परत येताना बसमध्ये

लिहायचं नव्हतं. पण हात शिवशिवतोय आणि बसमध्ये मारायला कुणी नाही.

सकाळी दहाला पोचलो. पुढे तीन, वर एक, मागे एक असे पाच पंखे बसवले. बटण दाबलं आणि खोली लाल-हिरवी-निळी झाली. आत्या दारात आल्या. पंच्याहत्तर वर्षांच्या आहेत, रिटायर्ड हेडमास्तरीण, बोलतात ते छापल्यासारखं. म्हणाल्या, "अगो मधू, आपल्याकडे कुणाचे लग्न निघाले की काय? मांडव घातलेला दिसतो."

मधुवंती हसली. मला ते हसणं आवडलं, पण त्या वेळी आवडायला नको होतं.

कारण आवाज. गर्मी कमी झाली, प्रोसेसर नव्वदवरून एकाहत्तरवर आला, हे कबूल करायला हवं. पण पाचही पंखे एकाच स्पीडला फिरतात, कमी करायची सोयच नाही. मधुवंतीने दोन ओळी वाचून ऐकवल्या. मागे हेलिकॉप्टर उतरत होतं.

आत्या म्हणाल्या, "तो डबा खोलीबाहेर का नाही ठेवीत?"

"बाहेर गॅलरी आहे आत्या. ऊन आणि माकडं."

"मागच्या वेळी माउस नेला माकडाने," मधुवंती म्हणाली. "खरंच."

ती गंमत करत होती. मला राग आला. म्हटलं, तुला हसू येतंय आणि मी शंभर किलोमीटरवरून आलोय. ती म्हणाली, "मी कुठे तुझ्यावर हसतेय? शंतनू सरांनी सांगितलंच होतं की पंखे कमी असले तर बरं."

शंतनू सर म्हणजे पुण्याच्या कंपनीत आवाज तपासणारा माणूस. मग त्यालाच बोलाव पेचकस (मराठीत स्क्रूड्रायव्हर म्हणे) घेऊन, असं म्हणून मी निघालो. पंखे काढून पिशवीत भरले होते. आता मोजले तर चारच आहेत. एक तिच्याकडे राहिला. कॅबिनेटचं पुढचं प्लास्टिकही रागात उचलून आणलंय, का ते माहीत नाही.

२९ एप्रिल, सोमवार. देवास

फोन केला नाही. तिचा आला होता. उचलला नाही. मग सारखा बघत बसलो, परत येतो का.

जेवताना बाबांनी विचारलं, "पाती किती?"

बाबा एकतीस वर्षं गिअरच्या कारखान्यात होते. कान तिथेच ठेवून आले. कानाचं मशीन आहे, पण ते फक्त लग्नाकार्याला लावतात. बोलतात मोठ्याने, कारण स्वतःचंही ऐकू येत नाही. मी कॉलेज सोडल्यापासून माझ्याशी कामापुरतंच. चौदा महिन्यांत हा पहिला प्रश्न, तोही पंख्याच्या पात्यांचा.

मी हाताने दाखवलं, सात.

"फिरतो किती?"

"तुम्हाला काय करायचंय?" असं मी तोंड फिरवून म्हटलं. त्यांना ओठ दिसले नाहीत. आईला दिसले. तिने आमटी वाढली नाही.

१ मे, बुधवार. देवास

तीन दिवस वाचतोय. कॉलेजमध्ये एवढं वाचलं असतं तर लोक मला तिथून हाकलताना रडले असते.

मी गाढव होतो. हे इथे लिहून ठेवतो, तोंडाने म्हणणार नाही. पंखा छोटा असला की हवा फेकायला जोरात फिरावं लागतं, म्हणून ओरडतो. मोठा पंखा हळू फिरून तेवढीच हवा देतो. दुसरं, डब्यावरचे डेसिबल कुणी कसे मोजले ते डब्यालाच माहीत. तिसरं सगळ्यांत मोठं: तिच्या कॅबिनेटचं तोंडच बंद आहे. पुढे सगळं प्लास्टिक. मी नाक दाबलेल्या माणसाला पाच पंखे लावले.

म्हणजे पंखे तीन पुरे. पुढे दोन मोठे, हवा आत घेणारे. मागे एक, बाहेर फेकणारा. तिन्ही असे की मशीन सांगेल तसा स्पीड कमी-जास्त होतो. आणि आवाज एकसारखा हवा. सतत तोच आवाज असला तर कान त्याला विसरतात, मध्येच चढला-उतरला की टोचतो.

अमनने चार पंखे परत घेतले. बोलला खूप. "लाइट वाला माल है, बिक जाएगा. लेकिन पाँचवाँ कहाँ है, रोमियो?" त्या चारांचे परत आलेले पैसे आणि माझ्या खिशातले थोडे, असं मिळून तीन साधे काळे पंखे आले. एकही दिवा नाही. हातात घेतले की जड वाटतात. मला आवडले.

२ मे, गुरुवार. देवास

सकाळी पुढच्या प्लास्टिकला दोन मोठ्या खिडक्या कापल्या आणि खिडकीची मच्छरजाळी लावायची ठरवली. कडा खरखरीत राहिल्या. जाम कंटाळून दुपारी झोपलो. उठलो तर कडा काचेसारख्या गुळगुळीत, कोपरे गोल. आईला विचारलं, कुणी घासल्या?

"उंदरांनी," आई म्हणाली.

बाबा पेपर वाचत होते. पेपर उलटा नव्हता, पण सकाळचा होता आणि त्यांनी तो सकाळीच वाचला होता.

४ मे, शनिवार. देवास

मीच फोन केला. म्हटलं, शुक्रवारी येतो, या वेळी नक्की. ती म्हणाली, "शुक्रवारी अक्षय तृतीया आहे. आत्या म्हणते, चांगला दिवस आहे. पुरणपोळीला थांब."

मग म्हणाली, "तुझा तो रंगीत पंखा माझ्या टेबलावर आहे. त्याला यूएसबीची वायर जोडून देशील? म्हणजे चार्जरवर चालेल."

म्हटलं, कशाला? भंगार आहे तो, केवढा आवाज करतो.

"असू दे."

तिला हवेची गरज असेल तर चांगला टेबल फॅन घ्यावा. पण जोडून देईन.

१० मे, शुक्रवार. अक्षय तृतीया. धारहून परत

आज मी काय केलं ते कुणाला तरी सांगायला हवं, म्हणून वहीला सांगतो.

तीन पंखे बसवले. स्क्रूच्या जागी रबराच्या खुंट्या, म्हणजे पंख्याची थरथर पत्र्याला लागत नाही. जाळीचं तोंड बसवलं. वरचा पंखा नाही, वर नुसती छिद्रं. स्पीड बांधून दिला: थंड असताना मिनिटाला सहाशे फेरे, तापलं तर हळूहळू नऊशे, त्यावर नाही. बटण दाबलं.

मधुवंती म्हणाली, "लाव ना."

"लावलाय."

ती कान कॅबिनेटला टेकवून उभी राहिली. केस जाळीवर हलले, तेव्हा तिला कळलं की हवा चालू आहे. डोळे मोठे करून माझ्याकडे बघितलं. मी शाळेत पहिला आलो होतो तेव्हाही इतकं बरं वाटलं नव्हतं. म्हणजे पाचवीत. एकदाच आलो होतो.

आत्यांनी पूजेचं तबक आणलं. "नवे यंत्र आहे. गंधाक्षता वाहिल्यावाचून सुरू करू नये." हळद, ओलं कुंकू, अक्षता, मोगऱ्याचं फूल. कॅबिनेटवर स्वस्तिक काढलं, डोळे मिटून काहीतरी म्हणाल्या आणि मूठभर अक्षता वाहिल्या. मग मला नमस्कार करायला लावला. मी माझ्याच कामाला नमस्कार केला, आणि मनापासून केला.

रंगीत पंख्याला वायर जोडली. टेबलावर लावला तर सगळ्या खोलीत त्याचाच आवाज. आत्या म्हणाल्या, "हा एवढा कलकलाट कशास ठेवायचा?"

मधुवंती म्हणाली, "रेकॉर्डिंग नसताना."

"आवाज करतो म्हणूनच ठेवला आहे हिने," आत्या माझ्याकडे बघून म्हणाल्या आणि पन्हं आणायला गेल्या.

मला कळलं नाही. त्याची बेअरिंगपण खराब आहे.

१२ मे, रविवार. देवास

सगळं मातीत.

मधुवंतीचा सकाळी फोन. वाचायला बसली की पहिली वीस मिनिटं शांत. मग एक गुणगुण येते, भुंगा अडकल्यासारखी. घूं करते, थांबते, परत घूं. काल तीनदा पहिल्यापासून वाचलं, तीनदा तिथेच.

मी दुकान डोक्यावर घेतलं. अमनला म्हटलं, खराब माल दिलास. तो म्हणाला, "तूने तीनों दो दिन यहीं चलाए थे भिया, मेरे कान के नीचे. तब तो चूँ नहीं की." खरं आहे. म्हणून जास्त राग आला.

मधुवंतीला म्हटलं, मग दे पाठवून तसंच, तुझ्या शंतनू सरांना आवडेल.

ती म्हणाली, "माझे कुठून आले? त्यांना दोन मुली आहेत कुशल, मोठी दहावीत आहे." मग म्हणाली, "आठ दिवस उरलेत. तुला यायचं असेल तर ये. नसेल तर मी भुंग्यासकट वाचते, बघू काय होतं." आणि ठेवला.

तिचा आवाज शेवटी कापत होता. मी ऐकलंय तो. तिचा आवाज मी कसाही ओळखतो.

रात्री जेवताना आईने बाबांना ओरडून सगळं सांगितलं. बाबा म्हणाले, "वीस मिनिटांनी येतो ना? मग स्पीड चढल्यावर येतो. एक पंखा तोल सोडतोय. उद्या मतदान आहे, दुकान बंद असेल. सकाळी लवकर मत टाकू आणि निघू."

"निघू म्हणजे?"

"धारला," बाबा म्हणाले, जणू मीच बहिरा.

१३ मे, सोमवार. देवास, परत आल्यावर

मोठी नोंद होणार. हात दुखेल. दुखू दे.

सात वाजता मत टाकलं. इंदूरला गंगवाल स्टँडवर पोहे खाल्ले आणि धारची बस धरली. बसमध्ये बाबांनी एकच गोष्ट सांगितली, सगळ्या बसला ऐकू जाईल अशी. त्यांच्या कारखान्यात एक मोठी लेथ होती. इंजिनियर लोक मीटर लावून दमले. बाबांनी बोटांची मागची बाजू लावली, नखांची, आणि सांगितलं कुठली बेअरिंग गेली ते. "कान गेले तेव्हा मला वाटलं, नोकरी गेली. पण हाताला जास्त ऐकू यायला लागलं." पुढच्या सीटवरचा माणूस मागे वळून म्हणाला, "फिर क्या हुआ काका?" बाबांना ते ऐकू आलं नाही. मी सांगितलं, "फिर बेअरिंग बदली." मला ही गोष्ट आधी माहीत नव्हती. कधी विचारली नव्हती.

धारला आत्या बाबांशी एकदम दरबारी. "यावे. प्रवासात त्रास नाही ना झाला?" बाबा म्हणाले, "हो, इंदूरला खाल्ले." मधुवंतीने ओठ दाबून हसू लपवलं. माझ्याकडे बघितलं नाही. बरोबर आहे तिचं.

खिडकी बंद, छताचा पंखा बंद. मधुवंती वाचायला बसली. बाबा कॅबिनेटजवळ स्टूल घेऊन बसले, हात पत्र्यावर. शाईवालं बोट वर. एक शब्द ऐकू येत नव्हता त्यांना, तरी ती पान उलटायची तेव्हा मान हलवायचे. घामाने शर्ट चिकटला. वीस मिनिटं झाली. आणि आला, घूं.

बाबांनी मधुवंतीला थांबायची खूण केली. हात पुढच्या जाळीवर ठेवला. मान हलवली, हा नाही. खाली सरकवला. हाही नाही. मग मागे नेला, बोटं उलटी करून हलकेच लावली, जशी आई ताप बघते.

"तिसरा," ते म्हणाले. "हा थरथरतोय."

मशीन बंद केलं. मी मागचा पंखा काढला आणि पातं उजेडात धरलं. पात्याच्या आतल्या बाजूला एक तांदळाचा दाणा. लाल. ओल्या कुंकवाने असा चिकटलेला की नखाने काढावा लागला. वरच्या छिद्रांतून पडला होता. हळू फिरताना काही नाही, स्पीड चढला की तोल जायचा आणि पत्रा गुणगुणायचा.

सात दिवस उरलेले. तीनदा वाचून घसा बसलेली मुलगी. अमनला घातलेल्या शिव्या. सगळं एका अक्षतेमुळे! आत्या दारातच उभ्या होत्या. माझं तोंड उघडलं.

बाबांनी माझ्या पायावर पाय दिला. कारखान्यातला माणूस, टाच अजून लोखंडी आहे. दाणा माझ्या नखावरून उचलून मुठीत घेतला, खिशात घातला आणि मोठ्याने म्हणाले, "कचरा होता. धूळ. उन्हाळ्यात होतं."

"मग निघाला का हो?" आत्यांनी विचारलं. त्यांचा चेहरा बघितला तेव्हा कळलं की त्या दोन रात्री झोपल्या नसाव्यात.

मी तोंड मिटलं. हे मी केलं. कॉलेजात केलं नव्हतं, इथे केलं. वहीत लिहून ठेवतो म्हणजे पुढे कुणी म्हणालं की कुशलला राग आवरत नाही, तर पुरावा असावा.

पंखा परत लावला. वरच्या छिद्रांना आतून उरलेली जाळी लावली. मधुवंतीने परत वाचलं, तीस मिनिटं, पस्तीस. बाबांचा हात मागच्या पंख्यावर. शेवटी त्यांनी हात काढला आणि नुसता अंगठा वर केला.

आत्या तबक घेऊन आल्या. "पुन्हा एकवार यंत्रास..."

मी कॅबिनेटच्या आड उभा राहिलो. बाबांना ऐकू आलं नव्हतं पण तबक दिसलं. म्हणाले, "यंत्राला झाली ना एकदा. आता वाचणारीला लावा. आणि करणाऱ्याला."

आत्यांनी मधुवंतीला कुंकू लावलं, वर अक्षता. मग मला. मधुवंती अगदी शेजारी उभी होती. तिच्या कपाळावरची एक अक्षता पडली ती तिने उचलून हातातच धरून ठेवली. मला वाटतं, परत कॅबिनेटमध्ये जाऊ नये म्हणून. हुशार आहे. म्हणजे तिला कळलंच होतं तर, आणि तीही आत्यांना काही बोलली नाही.

मी आतल्या खोलीत पेचकस आवरत होतो तेव्हा बाबा आत्यांना सांगत होते. त्यांना वाटतं, ते हळू बोलतात. "इंजिनियर नाही झाला. मी वर्षभर बोललो नाही त्याच्याशी. पण आज बघितलं मी, तिन्ही पंखे त्याने कसे बसवलेत ते. रबर, जाळी, सगळं. आमच्याकडे वीस वर्षांचा फिटर असं बसवत नाही. माझे कान गेले. त्याच्याकडे गेले असतील."

पेचकस पडला हातातून. मधुवंतीने उचलून दिला. तीही तेच ऐकत होती.

परतीच्या बसमध्ये बाबा झोपले. डोकं माझ्या खांद्यावर. जड होतं. हलवलं नाही.

१८ मे, शनिवार. देवास

पाठवलं. दोन दिवस आधी. एका दमात वाचलं म्हणाली, प्रोसेसर चौसष्टच्या वर गेला नाही.

अमनला सॉरी म्हटलं. तो म्हणाला, "लिख के दे." कागदावर लिहून दिलं. माफीचं पत्र, आयुष्यातलं पहिलं. त्याने काउंटरच्या काचेखाली लावलंय, गिऱ्हाइकांना दाखवतो. लावू दे.

२७ मे, सोमवार. देवास

उत्तर नाही. तिचा फोन रोज. काय विचारते? जाळी किती दिवसांनी धुवायची. काल सांगितलं होतं, आज परत विचारलं. एरवी तिची आठवण पक्की असते. उन्हामुळे असेल.

२ जून, रविवार. देवास

पास. पास. पास.

बारा पुस्तकं. परवा मेल आला. शंतनू सरांनी लिहिलंय: "आवाज तर आधीही उत्तम होता. या वेळी खोलीची शांतताही उत्तम आहे. ही व्यवस्था कुणी केली? आमच्या इतर दोघातिघांनाही हवी आहे." बरा माणूस आहे. मी कधीच वाईट म्हटलं नव्हतं.

तिचे बाबा फोनवर म्हणाले, बी.एड. राहू दे सध्या. त्यांनी मला एकदा खातेगांवला बोलावलंय, शाळेचे कॉम्प्युटर फार तापतात म्हणे. आत्यांनी सुचवलं. सोळा कॉम्प्युटर आहेत, जाईन.

काल मधुवंतीने एक फाइल पाठवली. कंपनीला वाचनाबरोबर एक मिनिट नुसती खोलीची शांतता रेकॉर्ड करून द्यावी लागते, मध्ये जोडायला. ती फाइल. बरोबर एक ओळ: "हे तू वाचलेलं पान."

हेडफोन लावून ऐकलं. काहीच नाही. एक पूर्ण मिनिट काहीच नाही. अभिमानाने सांगतो, मी असं काहीच नाही याआधी कधी ऐकलं नव्हतं. मिनिट संपल्यावरही तिने बंद केलं नव्हतं. लांबून आत्या विचारतात, "झाले का गं?" आणि ती अगदी हळू म्हणते, "थांब ना. ऐकतेय."

काय ऐकत होती कुणास ठाऊक, तिथे काहीच नव्हतं. मी सकाळपासून अकरा वेळा ऐकलंय, मला तरी सापडलं नाही.

बाबा समोर येऊन बसले. हातानेच विचारलं, काय ऐकतोयस? म्हटलं, काही नाही. म्हणाले, "मलापण ऐकव."

हेडफोन त्यांच्या कानावर लावला. त्यांनी डोळे मिटले, हात मांडीवर, पूर्ण मिनिटभर हलले नाहीत. कानाचं मशीन टीव्हीवर डबीत पडलं होतं, मला इथून दिसत होतं. मग डोळे उघडून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "एक नंबर काम केलंस. जरासुद्धा आवाज नाही."

मी हेडफोन घ्यायला हात पुढे केला. त्यांनी दिला नाही.

"परत लाव," म्हणाले.